सरिस्का रिकामे झाले तेव्हा

जयपूरच्या पूर्वेला खातीपुरा स्थानक आहे. तिथून जाणारा लोहमार्ग बस्सी, दौसा, बांदीकुई करत अलवरला पोहोचतो आणि अलवरजवळ सरिस्काचे जंगल सुरू होते. खातीपुऱ्याच्या बाजूच्याच झालानाच्या टेकड्यांत शहराला खेटून बिबटे राहतात, लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. दक्षिणेला सवाई माधोपूर, तिथे रणथंबोर. आपला मराठी पर्यटक हवामहल, आमेर उरकून रणथंबोरची सफारी गाठतो; सरिस्काकडे फारच थोडे वळतात. पण वाघ कसा हातचा जातो आणि तो परत आणताना काय काय सोसावे लागते, हे समजून घ्यायचे असेल तर सरिस्काची कहाणीच वाचावी लागते. महाराष्ट्राने तर आज ती दोनदा वाचावी.

ही दोन्ही जंगले संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेली. रणथंबोर जयपूरचे, सरिस्का अलवरचे. जानेवारी 1961 मध्ये राणी एलिझाबेथ भारतात आल्या, तेव्हा जयपूरच्या महाराजांचे पाहुणे म्हणून प्रिन्स फिलिप यांनी रणथंबोरला वाघ मारला. त्यानंतर बारा वर्षांत चित्र पालटले. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्याचे पहिले संचालक कैलाश सांखला राजस्थानचेच. पहिल्या नऊ जंगलांत रणथंबोर होते आणि आपले मेळघाटही. सरिस्काचा नंबर 1978 मध्ये लागला.

मग 2004-05 मध्ये सरिस्कातले वाघ संपले. वनखात्याच्या नोंदीत डझनावारी वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला तिथे एकही नसल्याची बातमी फुटली आणि शोध घेतल्यावर ती खरी निघाली. तपासात शिकारी टोळ्यांचे हात दिसले. वाघाच्या कातड्यांचा कुख्यात व्यापारी संसारचंद त्याच वर्षी दिल्लीत पकडला गेला. पण एक संसारचंद पकडून प्रश्न सुटत नव्हता. जंगल जागेवर होते, सांबर, चितळ होते, पगारी पहारेकरीही होते. तरी वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. असे का घडले?

यातला मोठा दोष मोजणीचा होता. त्या काळी वाघ मोजत ते पाऊलखुणांवरून. वनरक्षक धुळीतल्या ठशावर काच ठेवायचा, पेनाने त्याची कडा गिरवायचा, मग ती आकृती कागदावर उतरवायची आणि साहेबांनी ठरवायचे की हा कुठला वाघ. ओल्या मातीतला ठसा वेगळा, वाळूतला वेगळा, घाईत चाललेल्या वाघाचा आणखी वेगळा. एकाच वाघाचे दोन सहज होत. त्यात गेल्या वर्षीपेक्षा आकडा कमी दाखवला तर वरून विचारणा होणार, ही धास्ती. आकडे फुगत राहिले आणि त्या फुगवट्याआड वाघ मारले गेले. आज वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. दोन्ही बाजू टिपल्या गेल्या म्हणजे ओळख पक्की होते. सरिस्काच्या धक्क्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभे राहिले आणि 2006 मध्ये नव्या पद्धतीने मोजणी झाली. देशात वाघ निघाले 1411. आकडा वाचून अनेकांना धक्का बसला, पण तो आकडा प्रामाणिक होता आणि पुढचे सगळे काम त्यावरच उभे राहिले. 2022 च्या मोजणीत तो 3682 वर गेला.

28 जून 2008 रोजी रणथंबोरचा एक नर वाघ बेशुद्ध करून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सरिस्कात आणला गेला. पाठोपाठ वाघिणी आल्या. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही तो पहिला वाघ नोव्हेंबर 2010 मध्ये विषबाधेने मेला. आणलेले वाघ एकमेकांचे जवळचे नातलग निघाले, ही काळजी वेगळीच. पहिली पिल्ले दिसायला 2012 उजाडले. ती ज्या वाघिणीला झाली, तिला सगळे एसटी-2 म्हणून ओळखत. वार्धक्यात ती जानेवारी 2024 मध्ये गेली. आज सरिस्कात चाळीसहून अधिक वाघ आहेत. हे यश मोठेच आहे, आणि ते मनापासून मान्य करायला हवे. पण त्यासाठी किती वर्षे गेली! शिवाय जंगलात पांडुपोलचा हनुमान आहे, मंगळवार-शनिवारी भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. आसपास संगमरवराच्या खाणी आहेत, त्यांचा वाद नव्वदच्या दशकापासून सर्वोच्च न्यायालयात येत राहिला आहे. 2025 मध्ये सीमा नव्याने आखण्याच्या प्रस्तावाने तो पुन्हा पेटला. आत गुज्जरांची गावे आहेत, म्हशी आहेत. ज्यांचे घर हलवायचे त्यांना चांगली जमीन मिळाली नाही, तर जंगलाच्या काठावर रोष साचतो, आणि रोषातून विष येते.

आता आपल्याकडे पाहू. 2022 च्या मोजणीत महाराष्ट्रात 444 वाघ होते, त्यांतले बहुतेक विदर्भात. चंद्रपूरच्या बाजूला ते प्रकल्पाच्या हद्दीबाहेर पडून ब्रह्मपुरीच्या शेताशिवारांत वावरतात. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला पहाटे जंगलात गेलेली बाई संध्याकाळी परतत नाही, असे दरवर्षी घडते. दुसरीकडे 2010 मध्ये जाहीर झालेला सह्याद्री प्रकल्प वर्षानुवर्षे जवळजवळ वाघाविना राहिला. म्हणून मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या आणि 2025 च्या अखेरीस ताडोबाची वाघीण सह्याद्री प्रकल्पातल्या चांदोलीत आणली गेली. वाट सरिस्काचीच आहे.

ही वाट योग्य आहे, असे मला ठामपणे वाटते. मात्र वाघीण आणून पिंजऱ्याचे दार उघडले की काम संपत नाही, सुरू होते. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी मोकळे रस्ते ठेवले गेले, त्यातला एक 750 मीटरचा आहे, आणि त्यांतून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. इच्छा असली की होते. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव, नागझिरा, मेळघाटात नोकरी करत करत मराठी वाचकाला जंगल ओळखायला शिकवले. ते जून 2025 मध्ये गेले. त्यांचा वाचक आता मतदारही आहे. कोयना-चांदोलीला गेलात तर वाघ दिसला का, एवढेच विचारू नका. वनरक्षकाची किती पदे रिकामी आहेत, विस्थापितांना जमिनी मिळाल्या का, कॅमेऱ्यांची नोंद लोकांसमोर येते का, हे आपल्या आमदाराला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.