बॉबलिंगेनची लढाई आणि मेजावरची रणभूमी

छोट्या सैनिकांनिशी, हाताने घडवलेल्या भूमीवर, इतिहासातील लढाया मित्रांबरोबर पुन्हा खेळण्याच्या छंदाची मुळे जर्मन प्रदेशात सुमारे अडीचशे वर्षे मागे जातात. या खेळात सैनिक नजरेत भरतात; डावाचे भवितव्य मात्र बहुधा जमीन ठरवते. खेळाच्या वाटचालीचा मागोवा म्हणूनच जमिनीपासून घ्यावा लागतो.

१७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेल्विग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून १,६१७ घरांचा केला आणि डोंगर, पाणी, दलदल, जंगल यांसाठी घरांना निरनिराळे रंग दिले. १८१२ मध्ये फॉन राइसवित्झ यांनी प्रशियाच्या राजाला सादर केलेल्या मेजावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे फिरवून मांडता येत. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला. फासे आणि पंच यांच्या साहाय्याने तो प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात रुजला. नकाशामुळे अचूकता आली, पण उंचसखल जमीन डोळ्यांपुढून गेली.

ती परत आली खेळण्यांच्या वाटेने. न्युर्नबर्गच्या हाइन्रिक्सन कारखान्याच्या चपट्या कथली सैनिकांमुळे सुमारे ३० मिलिमीटर उंची जर्मनीत प्रमाण ठरली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांना, लाकडी ठोकळ्यांच्या घरांना आणि खेळण्यातल्या तोफांना नियमांत बसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे स्वस्त सैनिक आले, आणि १९६२ मधील डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ने हा छंद घरोघरच्या जेवणाच्या मेजावर नेला. आज २८ मिलिमीटरचे सैनिक सर्वाधिक दिसतात.

जमीन घडवण्याचे तंत्र मुख्यतः मॉडेल रेल्वेकडून आले. त्यात बॉबलिंगेन हे नगर ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात आहे, त्याचा वाटा मोठा. कृत्रिम गवत, झाडे, घरे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फालर आणि नोख या कंपन्या याच राज्यातल्या, अनुक्रमे ग्युटेनबाख आणि वांगेन इथल्या. टेकड्यांसाठी घट्ट फोमचे तक्ते तापलेल्या तारेने कापतात, उतार पटाशीसारख्या हत्यारांनी तासतात, वर पांढरा गोंद पसरून वाळू चिकटवतात, रंगाचे दोन-तीन हात देतात. गवताचे तंतू विद्युतभाराने उभे राहतात. तळ्याचे पाणी पारदर्शक रेझिनचे. दिवाळीत मातीचा किल्ला बांधून त्यावर मोहरी पेरणाऱ्या मराठी मुलांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की किल्ल्यावरचे मावळे ठेवल्या जागी राहतात, आणि इथले सैनिक मोजपट्टीने चाल करतात, फाशांनी लढतात, धीर सुटला तर पळतात.

१२ मे १५२५ ची बॉबलिंगेनची लढाई ही अशा मेजासाठी जणू घडलेली आहे. सरंजामदारांविरुद्ध पेटलेल्या जर्मन शेतकरी युद्धातील सुमारे १२ ते १५ हजार शेतकरी बॉबलिंगेन आणि झिंडेलफिंगेन यांच्यामधल्या भागात ठाण मांडून होते. पुढे दलदल आणि तळी, शिवाय गाड्यांचा कोट आणि तोफा. समोरून चालून येणाऱ्याला ही जागा कठीणच होती. पण शेतकऱ्यांविरुद्ध लढणाऱ्या श्वाबियन संघाचा सेनापती गेओर्ग ट्रुखझेस फॉन वाल्डबुर्ग याने बॉबलिंगेनच्या अधिकाऱ्याला धमकावून नगराचा दरवाजा उघडून घेतला. टेकडीवरच्या गढीत त्याचे बंदूकधारी चढले आणि शेतकऱ्यांच्या फळीवर वरून मारा सुरू झाला. फळी मोडली, पळणाऱ्यांना घोडदळाने गाठले. सुमारे ३,००० शेतकरी मारले गेले, संघाची हानी अगदी थोडी.

मेजावर हा दरवाजा हाच कळीचा प्रश्न ठरतो. तो उघडलाच असे गृहीत धरले, तर शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या मित्राला डावात काही उरत नाही. उघडण्याचा निर्णय फाशावर सोडला, किंवा कोणत्या चालीला उघडेल हे पंचालाच ठाऊक ठेवले, की शेतकऱ्यांना टेकडीवर आधी चढण्याचा मोह पडतो आणि दोन्ही बाजूंना खरा विचार करावा लागतो. गढीची टेकडी पुरेशी उंच घडवली नसेल, तर ही लढाई समजतच नाही.

प्रत्यक्ष जागेवर हे पाहणे आता अवघड आहे. ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बॉबलिंगेनचे जुने नगर गढीसह उद्ध्वस्त झाले, आणि दोन्ही नगरे वाढून जुने रणांगण वस्तीखाली गेले. म्हणून नगरातल्या शेतकरी युद्ध संग्रहालयातला, कथली सैनिकांनी मांडलेला लढाईचा देखावा मोलाचा. संग्रहालय आहे जुन्या दशांश-कोठारात, म्हणजे शेतकऱ्यांकडून धान्याचा दहावा हिस्सा जिथे जमा होई तिथे. मेमिंगेनमध्ये मार्च १५२५ मध्ये तयार झालेल्या शेतकऱ्यांच्या बारा मागण्यांत या दशांशाचा प्रश्नही होता.

जमिनीची हीच कसोटी महाराष्ट्रातल्या लढायांना लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला इंग्रज सेनापती वेलस्लीने कैलना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून तिथे नदी ओलांडण्याजोगा उतार असणार हे ताडले आणि सैन्य पार नेले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा हानोव्हरी सेनापती पोलमन याने फौजेचे तोंड फिरवून कैलना आणि जुई या नद्यांमध्ये नवी फळी धरली. अरुंद दुआबात इंग्रजी फौजेचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. असईचे मेज घडवणाऱ्याने गणवेश रंगवण्याआधी या दोन नद्यांचे काठ आणि तो उतार नीट घडवावा.