शय्या निवडताना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोचली आणि पुढच्याच वर्षी १ मे रोजी तो लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून या पट्ट्यातील गावांचे दिनमान सूर्याच्या गतीपेक्षा गाडीच्या वेळापत्रकावरच अधिक चालत आले आहे. मुंबईपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, हे अंतर नकाशावर क्षुल्लक दिसते. परंतु डोंबिवलीच्या फलाटावर घरातील माणूस सकाळी वेळेवर उभा राहावा म्हणून जी गृहिणी साडेचारला उठून डब्यांच्या तयारीस लागते आणि पुष्कळदा स्वतःही त्याच गाडीत चढते, तिला आदल्या रात्री भांडीकुंडी आवरून पाठ टेकण्यास अकरा वाजलेले असतात. प्रौढ माणसास किमान सात तास झोप आवश्यक आहे असे अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली एकमताने नमूद केले. तिच्या पदरी साडेपाच तास पडतात. नोकरीची वेळ बदलणे तिच्या हाती नाही, गाडीची तर नाहीच नाही. सबब, जे साडेपाच तास मिळतात ते तरी अखंड आणि गाढ झोपेचे असावेत याची तजवीज करणे एवढेच घराच्या अखत्यारीत उरते, आणि म्हणूनच गादीचा प्रश्न चैनीच्या सदरात टाकण्याजोगा नाही असे मी आग्रहाने म्हणतो.

आपल्याकडे घर घेताना, फ्रीज घेताना महिनोन्महिने खल होतो; गादी मात्र पलंगाच्या मापाची, पलंगाबरोबर, बहुधा दुकानदाराच्या शिफारशीने येते. ती निवडताना भाव, जाडी आणि वरच्या कापडाची नक्षी या तीन गोष्टी पाहिल्या जातात, आणि निद्रेशी नेमका या तिन्हींचाच संबंध सर्वांत थोडा आहे. पाहावयाचे ते हे की तीवर कोणाचे शरीर निजणार आहे, ती कोणत्या हवेत राहणार आहे आणि कोणत्या खोलीत.

शरीराचा विचार प्रथम करू. दिवसभर उभे राहून, बसून, गर्दीत लोंबकळून मणक्यांमधील चकत्यांवर जो भार पडतो त्याने त्यांतील द्रवांश थोडा थोडा बाहेर दाबला जातो, आणि रात्री आडवे झाल्यावर तो पुन्हा शोषला जातो. माणूस सकाळी उठतो तेव्हा रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने उंच असतो तो यामुळेच. हे भरून येणे नीट व्हावयाचे तर पाठीचा कणा त्याच्या स्वाभाविक वक्रतेत विसावला पाहिजे. फार मऊ गादीत शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे कटिप्रदेश, खाली रुततो आणि कणा वाकतो. फार कठीण गादीवर कुशीवर निजणाऱ्याचा खांदा व नितंब यांवर सगळा भार एकवटतो, कंबर अधांतरी राहते आणि हाताला मुंग्या येऊन झोपलेला मनुष्य रात्रभर कूस पालटीत राहतो.

‘पाठ दुखते ना, मग फळीवर निजा’ हा सल्ला आपल्या घराघरांतून इतक्या अधिकारवाणीने दिला जातो की त्यास शास्त्राची मान्यता असावी असेच वाटते. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या समजुतीस चांगलाच धक्का दिला. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना, कोणास कोणती मिळाली हे कळू न देता, कठीण किंवा मध्यम कठीण गादी देण्यात आली. ९० दिवसांनंतर अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना आणि हालचालीतील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांना अधिक उतार पडलेला दिसला. अर्थात हा काही सर्वांना लागू पडणारा कायदा नव्हे. सडपातळ माणसास जी गादी कठीण वाटते तीच भारदस्त माणसाखाली दबते. उताणे निजणाऱ्यास थोडी कठीण सोसते, कुशीवर निजणाऱ्यास वरचा थर मऊ लागतो. तान्ह्या मुलासाठी मात्र बिछाना सपाट व घट्टच हवा, कारण मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो. वेष्टणावर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापलेले असले म्हणून तो डॉक्टरांचा दाखला समजू नये. तो विक्रेत्याचा शब्द आहे.

आता हवा. एका बाजूस ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूस उल्हास नदी, आणि जुलै-ऑगस्टात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहणारे वातावरण, अशा प्रदेशात गादी कोरडी राहणे ही निम्मी लढाई आहे. आपल्या वाडवडिलांची कापसाची गादी या बाबतीत मोठी सोयीची होती. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारी येई, जुन्या गादीची उसवण करून गोळे झालेला कापूस ओसरीवर पसरी, आणि तातीवर लाकडी ठोक्याचा आघात करीत तो असा मोकळा पिंजून काढी की तीच सामग्री पुन्हा फुगून गादीपाटाच्या खोळीत भरली जाई आणि सुताच्या टाक्यांनी जागच्या जागी बांधली जाई. आज धनुकलीची जागा यंत्राने घेतली असली तरी कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या वस्त्यांतून गादी कारखान्यांच्या पाट्या अद्याप दिसतात, आणि जुनी गादी पिंजून भरून घेण्याची ही सोय जोवर आहे तोवर तिचा लाभ घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वस्तूचे आतले द्रव्य काढून, स्वच्छ करून, पुन्हा हवे तितके भरता येते, अशी शय्या कापसाखेरीज दुसरी सहसा मिळत नाही. तिचा दोष एवढाच की कापूस ओल शोषतो, दबतो आणि वर्षा-दोन वर्षांत मध्ये खळगा पडतो; तिला ऊन दाखविलेच पाहिजे. चाळीच्या गॅलरीत किंवा गच्चीत हे सहज होत असे. घोडबंदर रस्त्यावरील तीस मजली इमारतीच्या गच्चीला कुलूप असते आणि खिडकीतून ऊन जेमतेम हातभर येते. अशा घरात कापसाची जाड गादी घेणे म्हणजे तिला कुबट वासाच्या स्वाधीन करणे होय.

तेथे काथ्या विचारात घ्यावा. नारळाच्या सोडणाचे तंतू पिळून, उकलून, त्यांवर रबराचा चीक फवारून आणि दाबाखाली भाजून जे तक्ते बनतात त्यांतून हवा खेळते, आणि उष्णताही फारशी साठत नाही. ही गादी कठीण असते. वर इंचभर फोमचा किंवा कापसाचा थर असल्यास पुष्कळांना ती मानवते. काही वर्षांनी तंतू तुटून भुसा गळू लागतो आणि मध्यभाग बसतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी.

फोमच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल होते ती घनतेवरून. दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ हा शब्द कठीणपणाच्या अर्थाने वापरला जातो. वस्तुतः तो एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन सांगतो आणि त्यावरून टिकाऊपणाचा अदमास येतो, कठीणपणाचा नव्हे. दाट फोम मऊ असू शकतो, विरळ फोम सुरुवातीस कठीण लागून सहा महिन्यांत बसू शकतो. विक्रेत्याने सांगितलेल्या घनतेची पडताळणी घरच्या काट्यावरही होते. ७२ बाय ३६ इंच आणि ५ इंच जाड अशा गादीचे घनफळ सुमारे ०.२१ घनमीटर भरते. ती आरपार ४० घनतेची असेल तर खोळ वगळून वजन साडेआठ किलोच्या आसपास भरले पाहिजे. पाच किलो भरले, तर तफावत कशाची हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. अमेरिकेच्या ‘नासा’साठी विमानाच्या आसनांकरिता १९६६ साली विकसित झालेला, देहाच्या उष्णतेने मऊ होणारा मेमरी फोम खांद्यास सुख देतो हे खरे, पण तो उष्णता धरून ठेवतो, आणि झोप लागताना शरीराचे तापमान उतरावे लागते. मे महिन्याच्या डोंबिवलीत, पंख्याखाली, त्याचा जाड थर घेऊ नये. रबराच्या चिकाचा लॅटेक्स लवचीक व टिकाऊ असतो, पण महाग व वजनास जड. स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असेल तर एकाच्या कूस बदलण्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही, आणि पती-पत्नींपैकी एकाची रात्रपाळी असल्यास ही गोष्ट लहान नव्हे.

गादीइतकाच तिच्याखालचा पलंग पाहावा. आमच्याकडील लहान घरांत सामान ठेवण्यासाठी पेटीचा पलंग सर्रास असतो; वर अखंड प्लायवूड, आत रजया, जुनी पुस्तके, आणि खालून हवेला वाट नाही. वरून कोरडी दिसणारी गादी पावसाळ्यात उचलून पाहावी. तिच्या तळाशी बुरशीचे काळे ठिपके पुष्कळदा आढळतात. प्लायला ओळीने छिद्रे पाडून घ्यावीत, उठल्याबरोबर चादर अंथरण्याची घाई न करता गादी तासभर उघडी ठेवावी. धुळीतील माइट हे अतिसूक्ष्म जीव हवेतील ओलाव्यावरच जगतात, आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली की टिकत नाहीत; ज्या घरात दम्याचा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास आहे तेथे हे पथ्य औषधाइतकेच कसोशीने पाळावे, आणि चादरी-अभ्रे आठवड्यास गरम पाण्यात धुवावेत. पुराचे पाणी शिरून भिजलेली गादी वाळवून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कल्याणच्या सखल भागांनी जो चिखल अनुभवला त्यात सांडपाणी मिसळलेले होते, आणि ते आतवर मुरले की ऊन त्याचे काही करू शकत नाही.

राहिला प्रश्न खोलीचा. वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहतात तेथे गादी रोज घालावी आणि रोज काढावी लागते. ती कोण काढते? बहुधा तीच साडेचारला उठणारी स्त्री. बारा-पंधरा किलोंची डबल गादी वाकून उचलून भिंतीशी उभी करणे हे तिच्याच कंबरेचे काम असेल, तर दोन हलक्या सिंगल गाद्या घेणे न्यायाचे आहे. वृद्धांसाठी उलट विचार: जमिनीवरून उठताना गुडघे दुखतात, म्हणून त्यांना दिवाण द्यावा, आणि गादीसह त्याची उंची एवढीच असावी की कडेवर बसल्यावर तळपाय पुरते जमिनीस टेकतील. आठ इंची गादी घेतल्याने पाय लोंबकळत राहात असतील तर ती जाडी आजीच्या पडण्यास निमित्त होईल.

खरेदीस उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा किंवा घोडबंदर रस्त्यावरील दालनात, ज्याला त्या गादीवर निजावयाचे आहे त्याला बरोबर न्या. पंजाने दाबून पाहण्यात काही अर्थ नाही. चपला काढून, आपल्या नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्या उंचीची उशी घेऊन दहा-पंधरा मिनिटे संकोच न बाळगता पडून राहावे, आणि मानेपासून पाठीच्या तळापर्यंतची रेषा सरळ दिसते का हे सोबतच्या माणसाने मागून पाहावे. विनामोबदला वापरून परत करण्याची मुदत मिळत असेल तर तिच्या अटी लेखी घ्याव्यात. हमीपत्रातील कलमे शांतपणे वाचावीत: दहा वर्षांच्या हमीत बहुधा ठरावीक खोलीपेक्षा अधिक खळगा पडला तरच भरपाई असते, ‘गादी सोसत नाही’ ही तक्रार तीत बसत नाही, आणि डाग पडलेली गादी पुष्कळदा हमीबाहेर ठरते, म्हणून पहिल्याच दिवशी धुता येणारी खोळ चढवावी. पक्की पावती व हमीपत्र जपून ठेवावे. ऑनलाइन मागविलेल्या गादीबाबतही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खरेदीदारास आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे, तेव्हा विक्रेत्याची कचेरी बंगळुरात असो वा दिल्लीत, डोंबिवलीकराला अर्ज ठाण्यातच दाखल करता येतो.