हिमालय ओलांडणारा हंस आणि माणसाची प्रतवारी

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या काठावर उतरणारे पट्टकादंब हंस हिमालयापलीकडून येतात, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी हमखास विचारतो : तेथील विरळ हवेत त्यांना धाप कशी लागत नाही? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : मग माणसांतही काही वंश, काही जाती जन्मतःच श्रेष्ठ असतील काय? पहिल्याचे उत्तर नीट दिले, तर दुसऱ्याचेही बरेचसे हाती लागते.

सात हजार मीटर उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. परंतु पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. माणसाप्रमाणे आल्या वाटेने परतत नाही. शिवाय या हंसाच्या हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असल्याने ते विरळ हवेतूनही प्राणवायू चटकन पकडते.

तिबेटच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांतही असा जन्मजात बदल आढळतो. मात्र तो निराळा आहे. सपाटीवरचा माणूस उंचावर गेला की त्याचे हिमोग्लोबिन वाढते, रक्त दाट होते. ‘ईपीएएस-१’ या जनुकाचे एक विशिष्ट रूप तिबेटी लोकांत ही वाढ आवरून धरते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरील लोकांत उलट हिमोग्लोबिन अधिकच असते. अडचण एक, उत्तरे तीन. यांतले श्रेष्ठ कोणते? ल्हासाला उपयोगी पडणारा गुण सोलापूरच्या सपाटीवर कसलाही अधिकार मिळवून देत नाही.

रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली रक्तगट आणि रक्तातील प्रथिने यांच्या आधारे मानवी भेदांचा हिशेब मांडला. सुमारे ८५ टक्के भेद एकाच लोकसमूहातील व्यक्तींमध्ये निघाले. तथाकथित वंशावंशांतले भेद जेमतेम ६ टक्के भरले. पुष्कळ जनुके एकत्र तपासली, तर माणसाच्या पूर्वजांचा प्रदेश ओळखता येतो, हे खरे. पण पत्ता ओळखणे म्हणजे पायरी ठरविणे नव्हे.

जन्मावरून पायरी ठरविण्याची खोड मराठी समाजाला नवी नाही. काल ती धर्मग्रंथांचा आधार घेत होती. उद्या जनुकांचा घेईल. म्हणूनच त्या दुसऱ्या प्रश्नाला शिक्षकाने बगल देता कामा नये. वर्गात न मिळालेले उत्तर विद्यार्थी चव्हाट्यावर शोधतो, आणि तेथे ते सहसा चुकीचेच मिळते.