धाब्यावरची पांढरी माती

मागच्या महिन्यात पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी आजीचं घर पाडलं. तिथे आता स्लॅब पडेल. आदल्या दिवशी मी धाब्यावर चढून तीन पिशव्या माती भरून आणली. काका म्हणाले, "एवढं शिकून माती गोळा करतोस!" माझी पीएचडीच मातीच्या रसायनशास्त्रात आहे, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा धाबा जेवणाचा नव्हे. लाकडी खांब, त्यावर सर, सरांवर फळ्या किंवा काठ्या, पालापाचोळा आणि वर वीतभर माती असं हे सपाट छप्पर. सोलापूर-मराठवाड्याकडे याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात यावर झोपायचं, कुरडया-बिबडे वाळवायचे. दहा बाय बारा फुटांची खोली धरली आणि मातीचा थर सहा इंच, तर डोक्यावर साधारण अडीच टन माती होते! रात्री वरून कोणी पळालं की धाबं दणाणणं म्हणजे काय ते नीट कळतं.

आता प्रश्न असा, की मातीचं छप्पर पावसात गळत कसं नाही?

शेतातली काळी माती वर टाकली तर नक्की गळेल. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, वाळले की आकसतात. एप्रिलमध्ये कपाशीच्या रानात पडतात तशा भेगा छपराला पडतील. पांढऱ्या मातीत ही फुगणारी चिकणमाती कमी, बारीक गाळ आणि चुना जास्त. शिवाय वरून खारी टाकतात. आजीचं ठरलेलं वाक्य असायचं, "पानी येवाना पहिले खारी टाकनी पडस." खारी म्हणजे सोडियमचे क्षार असलेली माती. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते पडलं की सोडियम चिकटलेले कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रांमध्ये जाऊन बसतात आणि वरचा पापुद्रा बंद होतो. पाणी मुरत नाही, वाहून जातं. शेतात हेच झालं तर आपण जमीन चोपण झाली म्हणून डोक्याला हात लावतो. आजीने तोच दोष छपरावर कामाला लावला होता.

पण ही पांढरी माती येते कुठून? माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथे आहे.

जुन्या मराठीत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळीत शेती, पांढरीत वस्ती. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं यांचे थर साचतात. वस्ती उठली तरी ते टेकाड राहतं. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे हे असंच टेकाड. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या बी. के. थापर यांनी 1954-55 मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा सगळ्यात खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळलाही तशीच जुनी वस्ती सापडली आहे.

अशा मातीत फॉस्फरस भरपूर असतो. तो मातीला घट्ट धरून बसतो, हजारो वर्षं हलत नाही. स्वीडनच्या ओलोफ अर्‍हेनियस यांनी 1930 च्या सुमारास नुसता फॉस्फेट मोजून उठलेल्या वस्त्या शोधायची पद्धत रुजवली. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक होतंच. पांढरीची माती ते खत म्हणून शेतात नेतात.

म्हणजे लोक ज्या छपराखाली राहत होते ते बऱ्याचदा आधीच्या लोकांच्या घरांचंच बनलेलं होतं. टोपल्यांनी माती नेली तेव्हा टेकाडं हळूहळू झिजली. जेसीबीने ती एका आठवड्यात सपाट होतात. आणि धाबे पाडले की ती माती कुठल्या तरी खड्ड्यात भर म्हणून जाते.

धाबे टिकवा असं मी म्हणणार नाही. दर मे महिन्यात टोपल्या वाहून आजीची कंबर गेली, आणि तरीही एखाद्या रात्री पातेली मांडून बसावं लागायचंच. स्लॅब व्हायलाच हवा होता. फक्त तुमच्याकडे धाबं पाडणार असतील तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, माती कुठून आणली होती? आणि ती जागा लिहून ठेवा.

माझ्या पिशवीत नखाएवढा खापराचा तुकडा निघाला, लाल, एका बाजूने काळा. नुसतं बघून वय सांगता येत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "नदीच्या थडीवरच्या जुन्या गावठाणातली माती ती. आता तिथे कपाशी आहे."