गोदाम पावती आणि ब्लॉकचेन : सोयाबीन ठेवताना काय तपासाल?

काढणीच्या हंगामात सोयाबीनची आवक वाढते आणि दर पडतात. अशा वेळी माल गोदामात ठेवून पावतीवर तारण कर्ज घेता येते. मात्र कागदी पावतीत एक जुना दोष आहे. एकाच मालावर दोन पावत्या निघू शकतात किंवा एकच पावती दोन बँकांत तारण राहू शकते. म्हणून बँका हात आखडता घेतात आणि फटका प्रामाणिक शेतकऱ्याला बसतो.

महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने पावतीवरील कर्जासाठी ब्लॉकचेन आणले. ब्लॉकचेन म्हणजे एकाच खातेवहीच्या अनेक प्रती. त्या एका कार्यालयात न राहता सहभागी संस्थांकडे असतात. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीशी सांकेतिक आकड्याने जोडलेली असते. जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढची साखळी जुळत नाही. पावती तारण झाली की सहभागी बँकांना ते दिसते. व्यवस्थेबाहेरच्या बँकेला अर्थातच दिसत नाही.

आता खरी मेख. ब्लॉकचेन नोंद जपते, धान्य तपासत नाही. चुकीचे वजन नोंदले, तर ते चुकीचेच पक्के होते! समजा १४ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन ठेवले. ते सुकून १२ टक्क्यांवर आले की साधारण ९७.७ क्विंटलच भरते. नोंदीत १०० आणि थप्पीत ९७.७, मग घट कोणाची, यावर वाद होतो. शिवाय ओलसर माल तापतो, बुरशी धरतो. म्हणून माल उन्हात चांगला वाळवून, १२ टक्क्यांच्या आत ओलावा आणूनच गोदामात न्या.

ओलावा मापकाचे वाचन समोर उभे राहून पाहा. काटा पावती, पोत्यांची संख्या, प्रत, नाव आणि मोबाईल क्रमांक पावतीशी जुळवा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतरची दुरुस्ती ही वेगळी नोंद म्हणूनच चढते आणि तिला वेळ लागतो. काटा पावतीचा फोटो काढून ठेवा.

व्याजाचा हिशेबही आधीच करा. समजा ४,००० रुपये क्विंटल दराच्या मालावर ७० टक्के, म्हणजे २,८०० रुपये कर्ज ९ टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी घेतले. व्याज १२६ रुपये होते. त्यात गोदाम भाडे, विमा आणि हमाली मिळवा. दर क्विंटलमागे तेवढा वाढण्याची शक्यता दिसत नसेल, तर माल अडवून ठेवू नका.