उसाचं बिल: कायद्याचं किती, शब्दाचं किती?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असो की इंदापूरचं बिजवडी, शहाजीनगर, साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की पारावर एकच विषय निघतो: यंदा दर किती? त्या एका आकड्यात कायद्यानं द्यावेच लागणारे पैसे आणि दिलेल्या शब्दावर मिळणारे पैसे एकत्र मिसळलेले असतात. पहिल्यासाठी दाद मागता येते, दुसऱ्यासाठी सभा गाजवावी लागते. म्हणून ही फोड.

गैरसमज: पहिली उचल किती आणि कधी द्यायची, ते कारखान्याच्या मर्जीवर.
वस्तुस्थिती: केंद्र सरकारनं ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर किंमत, ही किमान किंमत आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार ती 14 दिवसांत चुकती करावी लागते. हे दिवस ऊस कारखान्याला पोचल्या तारखेपासून मोजायचे, पंधरवड्याचं बिल निघाल्यापासून नव्हे. कारखाना सहकारी की खासगी, शेतकरी सभासद की बिगरसभासद, यानं फरक पडत नाही.

गैरसमज: एफआरपी 3,550 म्हणजे हातात 3,550.
वस्तुस्थिती: 2025-26 च्या हंगामासाठी टनाला 3,550 रुपये हा दर 10.25 टक्के उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा, आहे. त्यावर उतारा 0.1 टक्का वाढला की 34 रुपये 60 पैसे वाढतात. म्हणजे 11.25 टक्के उताऱ्याला एफआरपी 3,896 रुपये होते. मात्र तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो. तो समजा 900 रुपये धरला, तर खात्यावर 2,996 येतात. त्यामुळे शेजारच्या कारखान्याशी तुलना करताना उतारा आणि तोडणी-वाहतूक हे दोन्ही आकडे विचारावेत.

गैरसमज: एफआरपीचे तुकडे कोणत्याही परिस्थितीत पाडता येत नाहीत.
वस्तुस्थिती: राज्य सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये दोन टप्प्यांची मुभा दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये तो निर्णय रद्द केला. पण 1966 च्या आदेशातच एक पळवाट आहे: शेतकरी आणि कारखाना यांच्यात वेगळा लेखी करार नसेल तरच 14 दिवसांचं बंधन. म्हणून ऊसनोंदीच्या वेळी पुढे सरकवलेल्या कागदावर हप्त्यांना संमती आहे का, हे वाचूनच सही करावी.

गैरसमज: पैसे थकले तर वाट बघण्याशिवाय इलाज नाही.
वस्तुस्थिती: 14 दिवसांनंतरच्या विलंबावर वर्षाला 15 टक्के व्याज द्यावं लागतं. पुण्याच्या साखर संकुलातले साखर आयुक्त थकबाकीदार कारखान्यावर महसुली वसुलीचा आदेश, बोलीभाषेतली 'आरआरसी', काढू शकतात. मग जिल्हाधिकारी ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. त्यासाठी गोदामातली साखरही जप्त होऊ शकते.

गैरसमज: कांडे बिल, खोडकी बिल, दिवाळीचा हप्ता अशी नंतरची बिलं म्हणजे संचालकांची मेहेरबानी.
वस्तुस्थिती: अर्धीच खरी गोष्ट. राज्याच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात 70:30 चं सूत्र आहे. साखर, बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचे 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे 75 टक्के, हा ऊस उत्पादकाचा वाटा. हिशेबात तो एफआरपीपेक्षा जास्त निघाला, तर वरची रक्कमही हक्काचीच असते. या हिशेबाच्याही वर कारखाना जे जाहीर करतो, ते मात्र कायद्यानं लादलेलं नाही. शेजारच्या कारखान्याशी चढाओढ, सभासदांचा रेटा आणि तोंडावर आलेली निवडणूक यांतून तो आकडा ठरतो. तिथे दाद मागायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा.

गैरसमज: आपला कारखाना सोडून दुसरीकडे ऊस घातला तर गुन्हा.
वस्तुस्थिती: ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, म्हणजे झोनबंदी, उठून बरीच वर्षं झाली. नोंदीचा करार केला असेल किंवा उपविधींत ऊस घालण्याची अट असेल, तर सभासद तेवढ्यापुरता बांधील असतो. त्यापलीकडे आजोबांनी भागभांडवल घालून उभा केलेला कारखाना म्हणून तिथेच ऊस घालणं ही निष्ठा झाली. ती मोलाची आहे, पण तिच्यासाठी कुणी नोटीस काढू शकत नाही.

तेव्हा काट्याची प्रत्येक पावती आणि नोंदीच्या कराराची प्रत घरात जपून ठेवा. व्याजाची मागणी लेखीच करा आणि तिची पोच घ्या.