राजमा, ॲव्होकाडो आणि भलतीच भीती

राजमा-ॲव्होकाडोचं सॅलड करायचं म्हटलं की घरातला पहिला आक्षेप ॲव्होकाडोवर येतो. "केवढं तेलकट फळ ते! कोलेस्टेरॉल वाढायचं." राजम्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, तो कडधान्य, म्हणजे घरचाच. प्रत्यक्षात या वाडग्यात जपून हाताळायची वस्तू एकच, आणि ती राजमा आहे.

कोलेस्टेरॉलचं आधी मिटवून टाकू. ॲव्होकाडोत ते नसतंच. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतात, त्यातलं सुमारे १० ग्रॅम ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलात मुख्यत्वे असतं तेच. शिवाय ६-७ ग्रॅम तंतू. उष्मांक मात्र १६०, त्यामुळे 'चांगली चरबी' म्हणत एकट्यानं दोन फळं संपवण्यात शहाणपण नाही. चौघांच्या सॅलडला एक मध्यम फळ पुरतं, आणि ते घातल्यावर वर तेलाची धार लागत नाही. ही चरबी वायाही जात नाही. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साल्सामध्ये ॲव्होकाडो मिसळल्यावर टोमॅटोतलं लायकोपीन ४.४ पट आणि बीटा-कॅरोटीन २.६ पट जास्त शोषलं गेलं. प्रयोगातली माणसं मोजकीच होती, पण कारण सरळ आहे: ही द्रव्यं स्निग्धांशात विरघळतात. गाजराच्या कोशिंबिरीवर आपण फोडणी ओततो, तेव्हा नकळत हेच साधतो.

आता राजमा. त्याच्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. तांबड्या राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मागोमाग जुलाब सुरू होऊ शकतात. बहुतेक जण काही तासांत सावरतात, पण ते तास फार वाईट जातात.

"रात्रभर भिजवलाय ना, मग झालं." नाही झालं. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सुटीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी भिजवलेला राजमा न शिजवता खाल्ला आणि ती आजारी पडली. तिथून पुढे त्या देशात अशा घटनांची नोंद होऊ लागली. दुसरा गैरसमज खास आपल्या स्वयंपाकघरातला: मोड आले की कुठलंही कडधान्य कच्चं चालतं. मूग-मटकीच्या सवयीनं हात राजम्याकडेही वळतो. मोड आल्यावर त्यातलं लेक्टिन कमी होतं, संपत नाही. आणि मोडांच्या उबेत, ओलाव्यात जंतूही वाढतात, मग कडधान्य कुठलंही असो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका साथीत ५० हून अधिक माणसं दगावली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला होता. सॅलडमध्ये मोड घालायचेच तर वाफवून घाला.

तिसरा समज सगळ्यांत धोक्याचा: मंद आचेवर चार-सहा तास ठेवलं की झालंच निर्धोक. ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरू शकतो. स्लो कुकरमध्ये राजमा थेट टाकू नये तो यासाठीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा. आपला प्रेशर कुकर १०० अंशांच्या वर जातो, त्यामुळे रोजच्या उसळीपुरता हा प्रश्न परस्पर सुटलेला असतो. गडबड होते ती सॅलडच्या वेळी. दाणा 'जरा टणक' राहावा म्हणून शिट्ट्या कमी केल्या जातात. दाणा अख्खा हवा, पण आतून बोटचेपा. कोरेगावचा वाघ्या घेवडा घेतलात (भौगोलिक मानांकन मिळालेला हा घेवडा सॅलडलाही छान लागतो) तरी नियम तोच, कारण जात राजम्याचीच.

मीठ घातलं की दाणा शिजत नाही, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं तर भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं की सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम घेतं आणि साल मऊ पडते. दाणा अडवून धरतं ते आंबट: टोमॅटो, चिंच, लिंबू. ते शिजल्यानंतर. चिमूटभर सोड्यानं राजमा पटकन शिजतो हे खरं, पण त्यात थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा, बळी जातो. डबाबंद राजमा म्हणजे अगदीच पाप, असंही नाही. तो आधीच पूर्ण शिजलेला असतो. चाळणीत ओतून नळाखाली धुतला तर सुमारे ४० टक्के सोडियम निघून जातं.

राजम्याची प्रथिनं 'अपुरी', म्हणून त्याच घासाला धान्य हवंच, हा समज फ्रान्सिस मूर लॅपे यांच्या १९७१ च्या पुस्तकामुळे जगभर गेला. पुढे १९८१ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. दिवसभरात कधीतरी भाकरी-भात पोटात गेला की पुरे.

ॲव्होकाडोचा दोष असलाच तर तो लहरीपणाचा. "दगडासारखा कडक निघाला, फसवलं" अशी तक्रार कानावर येते. पण तो झाडावर पिकतच नाही, काढल्यावरच मऊ होतो. आंबा अढीत घालतो तसा यालाही केळ्याबरोबर कागदी पिशवीत गुंडाळून ठेवा. केळ्यातून निघणारं इथिलीन काम करतं. पिकला की फ्रिजमध्ये, आधी नाही. चिरल्यावर काळा पडतो म्हणजे नासला असं नव्हे, हवा लागून तो रंग येतो. बी तशीच ठेवल्यानं फक्त तिच्याखालचा भाग हिरवा राहतो, बाकी गराला उपयोग शून्य. लिंबू चोळून वर प्लॅस्टिक घट्ट चिकटवलं तर थोडी सवलत मिळते. अख्खी फळं पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती मात्र करू नका. सालीवरचे लिस्टेरिया-साल्मोनेला त्या पाण्यात वाढू शकतात, म्हणून २०२२ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनानं तिच्याविरुद्ध इशारा दिला. साल टाकायची असली तरी फळ आधी धुवायचं, कारण सुरी सालीवरूनच आत जाते.

बाकी कृती म्हणाल तर नाहीच. शिजून गार झालेल्या, निथळलेल्या दोन वाट्या राजम्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि एखादी हिरवी मिरची बारीक चिरून घाला. मीठ, भरडलेलं जिरं, आणि लिंबू सढळ हातानं, कारण राजम्यातलं लोह शरीरात जायला 'क' जीवनसत्त्व मदत करतं. ॲव्होकाडोच्या फोडी अगदी शेवटी, पानं वाढताना. जेवण झाल्याबरोबर चहा घेतलात तर त्यातलं टॅनिन त्या लोहाला अडवतं, तासभर थांबा.